चार आठवड्यांची रजा

गेले तीन वीकांत मी एका एक्सेल शीटवर घालवतोय. हापिसचं काम नाही, स्वतःचंच. शीटचं नाव 'लंडन'. पहिल्या टॅबमध्ये विमानाची भाडी, दुसऱ्यात राहण्याचे स्वस्त पर्याय, तिसऱ्यात व्हिसाची कागदपत्रं (बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या आणि 'हा बाबा नक्की परत येणार आहे' अशा अर्थाचं कंपनीचं पत्र), आणि चौथ्या टॅबमध्ये फक्त एक ओळ - आंद्राश शिफ, विगमोर हॉल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिफ हा हंगेरीत जन्मलेला पियानोवादक. बाख वाजवणाऱ्यांमध्ये माझ्या मते आज त्याच्या तोडीचं कोणी नाही (मतभेदाचं स्वागत आहे, मत बदलणार नाही). इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना रूममेटच्या हार्ड डिस्कवर सिनेमे शोधता शोधता त्याने वाजवलेलं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' सापडलं आणि त्या सेमिस्टरला एम-थ्री राहिला. तेव्हापासूनचं हे वेड. त्याचा जन्म १९५३चा, म्हणजे सत्तरी केव्हाच ओलांडली. मी अजून तिशीला टेकलेलो नाही. हे दोन आकडे शेजारशेजारच्या सेलमध्ये टाकून पाहिले की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्यात काही शहाणपणा नाही हे कळायला फॉर्म्युला लागत नाही.

आता अडचणी. मॅनेजरला नऊ दिवसांची रजा मागितली तर तो म्हणाला, "नऊ? कार्यक्रम दोन तासांचा ना रे?" आई फोनवर म्हणाली, "एवढ्या पैशात आपण सगळे काशीला जाऊन येऊ." या दोन्ही मुद्द्यांना उत्तरं आहेत. पण शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने सहज विचारलेला प्रश्न मात्र डोक्यात रुतून बसला. "यूट्यूबवर आहे की सगळं, तेही चकटफू. मग जायचं कशाला?"

खरंच, कशाला? उत्तर शोधताना मला शिफ ज्याचं संगीत वाजवतो त्या माणसाचीच गोष्ट आठवली. साक्षात योहान सेबास्टियन बाखने विसाव्या वर्षी आपल्या आवडत्या वादकाला ऐकण्यासाठी असाच एक दौरा आखला होता. त्यालाही नोकरी होती, रजेचा अर्ज होता, वर बसलेले साहेब होते. आणि त्याने त्या रजेचं जे केलं ते पाहता माझे नऊ दिवस म्हणजे अगदीच गरीब बिचारे.

पण आधी थोडं मागे जाऊ.

बाखचा जन्म १६८५ सालचा, आयझेनाख नावाच्या गावातला. नऊ वर्षांचा असताना आई गेली, दहावं पूर्ण व्हायच्या आत वडीलही गेले. मग तो ओरड्रुफला थोरल्या भावाकडे, योहान क्रिस्टोफकडे राहायला गेला. हा भाऊ ऑर्गन वाजवायचा. (इथे ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नव्हे. चर्चची आख्खी भिंत व्यापणारं, शेकडो-हजारो नळ्यांचं, हात आणि पाय दोन्हींनी वाजवायचं अजस्र धूड.) भावाकडे त्या काळच्या नामवंत संगीतकारांच्या रचनांची एक वही होती आणि ती तो धाकट्याला देत नसे. जाळीच्या कपाटात बंद. पोराचे हात लहान, ते जाळीतून आत जायचे. वही गुंडाळी करून बाहेर काढायची आणि चंद्राच्या उजेडात उतरवून घ्यायची, असं त्याने सहा महिने केलं म्हणे. शेवटी भावाच्या लक्षात आलं आणि त्याने ती नक्कल काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने आणि एका शिष्याने लिहिलेला मृत्युलेख १७५४ साली छापला गेला, त्यात ही गोष्ट आहे. जगातली पहिली पायरेटेड कॉपी नसेल, पण डिलीट झाल्याचं दुःख तेच.

आता ही झाली घरात सांगितली जाणारी गोष्ट, खरी-खोटी कोण जाणे असं म्हणून सोडून देता आली असती. पण २००६ साली वायमारच्या आना अमालिया ग्रंथालयातून एक बातमी आली. तिथल्या जुन्या कागदांत दोन संशोधकांना बाखच्या हस्ताक्षरातल्या आजवरच्या सगळ्यात जुन्या नकला सापडल्या. त्यातली एक बाखने १७०० साली, म्हणजे पंधराव्या वर्षी उतरवलेली, हांबुर्गच्या रायन्केनची रचना. दुसरी त्याहूनही आधीची, अजून पोरगेलं अक्षर, वय तेरा-चौदाच्या आसपास. ती रचना होती डीट्रिख बुक्स्टेहूडची. ल्यूबेकच्या चर्चमधला ऑर्गनवादक.

हे नाव लक्षात ठेवा. उच्चार करताना जीभ अडखळते, पण पुढची सगळी गोष्ट या माणसाची आहे.

पंधराव्या वर्षी बाख उत्तरेला ल्यूनेबुर्गच्या शाळेत गेला. तिथून हांबुर्ग साधारण पन्नास किलोमीटर. तिथे रायन्केन वाजवायचा, म्हणून हा पोरगा अधूनमधून तिकडे जायचा. यातली एक दंतकथा इतकी भारी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकदा हांबुर्गहून परत येताना खिशात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. भुकेला बाख एका खानावळीबाहेर स्वयंपाकघरातले वास घेत बसला होता. तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि कोणीतरी हेरिंग माशाची दोन मुंडकी बाहेर टाकली. याने ती उचलून फोडली तर प्रत्येकात एकेक डॅनिश सोन्याचं नाणं! मग याने काय करावं? पोटभर जेवला, आणि उरलेल्या पैशांत सरळ माघारी वळून पुन्हा हांबुर्गला गेला, रायन्केनला अजून एकदा ऐकायला. ही गोष्ट छापून आली १७८६ साली, बाख गेल्यावर छत्तीस वर्षांनी, तेव्हा मुंडक्यांतली नाणी आपण आपल्या जबाबदारीवर घ्यावीत. पण पैसे मिळताच घरी न जाता मागे वळणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. सवाईला पहाटे रिक्षाचे पैसे चहावर उडवून चालत घरी गेलेल्यांनाही वाटेल.

असो. १७०३ साली, अठराव्या वर्षी बाखला पहिली धड नोकरी लागली. आर्नश्टाट गावातल्या नव्या चर्चमध्ये ऑर्गनवादक. नोकरी कशी, तर आपल्याकडे 'सेटल झाला हो मुलगा' म्हणतात तशी. ऑर्गन नवाकोरा. काम आठवड्यातून तीन-चार वेळा प्रार्थनेला वाजवणं. पगार राहण्या-जेवणाच्या खर्चासकट ८४ गुल्डनच्या वर, त्या वयाच्या आणि त्या गावाच्या मानाने उत्तम. एवढं असूनही पोरगा खूश नव्हता. तिथल्या शाळेतले विद्यार्थी घेऊन गायन-वादन बसवायचं, ही अपेक्षा त्याला मान्य नव्हती. ती पोरं त्याच्याच वयाची, काही मोठी, आणि बाखच्या मते बेसूर. त्यातल्या गेयर्सबाख नावाच्या एकाला त्याने, सौम्य भाषेत सांगायचं तर, 'बोकडासारखा बसून वाजवणारा' अशा छापाची शिवी दिली होती. (बसून म्हणजे खाली बसून नव्हे, बसून नावाचं लांबलचक फुंकवाद्य.) १७०५च्या ऑगस्टमध्ये रात्री चौकात या गेयर्सबाखने काठी उगारली, बाखने तलवार उपसली, आणि मग दोघांची चौकशी झाली. समितीने बाखलाच ऐकवलं की विद्यार्थ्यांशी जुळवून घ्यायला शीक. टीम प्लेयर नाही, असा शेरा. ओळखीचं वाटतंय?

त्यानंतर दोनेक महिन्यांत बाखने रजेचा अर्ज केला. चार आठवडे. कारण: ल्यूबेकला जाऊन बुक्स्टेहूडला ऐकणं. बदली म्हणून चुलतभाऊ योहान अर्न्स्ट बाखला उभा केला. म्हणजे बॅकअप रिसोर्सही नेमलेला, नॉलेज ट्रान्सफर झालेलं. रजा मंजूर झाली.

आता या प्लॅनचा जरा हिशोब करू, कारण मला यातलाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आर्नश्टाट ते ल्यूबेक अंतर साधारण चारशे किलोमीटर. मृत्युलेख सांगतो की बाख पायी गेला. तेव्हा जर्मनी नावाचा देशच नव्हता. आपल्याकडे सांगली, मिरज, जमखंडी होती तशी लहानमोठी संस्थानं एकमेकांना खेटून. आर्नश्टाट एका काउंटचं, तर ल्यूबेक कोणाच्याच राज्यात नसलेलं, फक्त सम्राटाला मानणारं स्वतंत्र व्यापारी शहर. थोडक्यात काय, तर परदेशच. अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आळंदी ते पंढरपूर पायी साधारण अडीचशे किलोमीटर. तेव्हा वारीच्या दीडपटीहून जास्त, आणि एकट्याने, आणि आषाढात नव्हे तर उत्तर युरोपातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवस जेमतेम नऊ-दहा तासांचा असताना. विसाव्या वर्षी माणूस दिवसाला चाळीस किलोमीटर चालेल असं उदार मनाने धरू. जायला दहा दिवस. यायला दहा दिवस. अठ्ठावीस दिवसांच्या रजेतले उरले आठ.

आठ दिवसांसाठी चारशे किलोमीटर जा आणि चारशे ये? बरं, तेही करेल एखादा. पण आता दुसरं कॅलेंडर शेजारी ठेवू.

बुक्स्टेहूड हा ल्यूबेकच्या मारियनकिर्श नावाच्या प्रचंड विटांच्या चर्चमध्ये १६६८ पासून ऑर्गन वाजवत होता. तिथल्या मधल्या दालनाचं छत साडेअडतीस मीटर उंच आहे, साधारण बारा मजली इमारत आत मावेल एवढं. ऑर्गनला तीन हातपट्ट्या, शिवाय पायांची एक, आणि आवाजाचे पन्नासहून जास्त वेगवेगळे संच. आर्नश्टाटच्या ऑर्गनला याच्या निम्मेही नव्हते. पण बुक्स्टेहूडचं नाव झालं होतं ते 'आबेंडम्युझिक' म्हणजे संध्यासंगीतामुळे. वर्षातून पाच रविवार, दुपारची प्रार्थना आटोपली की चर्चमध्येच गायक, वादक, ऑर्गन असा मोठा कार्यक्रम. खर्च शहरातले व्यापारी करायचे आणि ऐकणाऱ्यांना प्रवेश फुकट. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळांनी बड्या गवयांच्या मैफली रस्त्यावर केल्या, जवळपास तसंच, फक्त डोक्यावर छप्पर.

हे पाच रविवार ठरलेले होते. नाताळच्या आधी जो चार रविवारांचा काळ येतो त्यातले दुसरा, तिसरा आणि चौथा, आणि तो काळ सुरू होण्याआधीचे दोन. १७०५ साली हे रविवार येतात १५ आणि २२ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर.

बाख आर्नश्टाटला परतला फेब्रुवारी १७०६च्या सुरुवातीला. आणि तो चार आठवड्यांच्या जागी सुमारे चौपट राहिला, अशी नोंद आहे. म्हणजे निघाला ऑक्टोबरच्या मध्यावर कधीतरी. त्याची चार आठवड्यांची रजा संपते बरोब्बर नोव्हेंबरच्या मध्यावर. ज्या आठवड्यात पहिला कार्यक्रम, त्याच आठवड्यात याने आर्नश्टाटच्या ऑर्गनवर हजर व्हायचं!

तेव्हा लोकहो, माझं प्रामाणिक मत असं की हा रजेचा अर्ज पहिल्या दिवसापासून खोटा होता. बुक्स्टेहूडचं वेळापत्रक वर्षानुवर्षं तेच होतं आणि उत्तरेकडच्या ऑर्गनवादकांत ते सगळ्यांना ठाऊक असणार. ज्या पोराने तेराव्या वर्षी त्याच्या रचना उतरवल्या, जो पुढे त्याच प्रदेशात शाळेत होता, त्याला ठाऊक नसेल? चार आठवडे हा आकडा त्याला लागणारा नव्हता, साहेबांच्या गळी उतरणारा होता. प्रोजेक्टचं एस्टिमेट देताना आपण काय करतो, तेच.

आणि त्या वर्षी तर आणखी एक गोष्ट घडली. मे १७०५ मध्ये सम्राट लिओपोल्ड वारला आणि त्याचा मुलगा योझेफ गादीवर आला. त्यानिमित्त ल्यूबेकात नेहमीच्या पाच रविवारांखेरीज दोन खास कार्यक्रम झाले, २ आणि ३ डिसेंबरला, लागोपाठ दोन संध्याकाळी. पहिल्या दिवशी गेलेल्या सम्राटासाठी शोकसंगीत, दुसऱ्या दिवशी नव्याचा जयजयकार. चर्चमध्ये रोषणाई, तुताऱ्या आणि नगाऱ्यांचे दोन दोन ताफे, आणि एका ठिकाणी पंचवीस व्हायोलिनं एकदम. त्या काळात चर्चमध्ये पंचवीस व्हायोलिनं म्हणजे कल्पनेपलीकडचा थाट. एवढे वादक आणायचे कुठून, म्हणून त्यातलं एक व्हायोलिन पाहुण्या बाखच्या हातात असेल, असंही काही अभ्यासकांना वाटतं. ते जाऊ द्या. पण त्या दोन संध्याकाळी बाख ल्यूबेकमध्ये होता. आणि ल्यूबेकमध्ये असून तो मारियनकिर्शमध्ये नसेल, तर मग चारशे किलोमीटर चालला कशासाठी?

आता गंमत बघा. या दोन कार्यक्रमांची शब्दांची छापील पुस्तिका शिल्लक आहे. पंचवीस व्हायोलिनांचा आकडा आपल्याला कळतो तो तिच्यातूनच. संगीत मात्र हरवलं. एक पानही उरलेलं नाही. त्या दोन संध्याकाळी जे वाजलं ते फक्त त्या इमारतीत उभ्या असलेल्या माणसांनी ऐकलं, आणि त्यांच्याबरोबर संपलं. माझ्या शेजारच्या मित्राला द्यायचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

उरलेलं अर्धं असं, की बाखकडे बुक्स्टेहूडच्या नकला होत्याच. त्याच्यासाठी तेच यूट्यूब. स्वर कोणता, किती लांब, हे सगळं कागदावर. पण बुक्स्टेहूडची पद्धत अशी की सुरुवातीला स्वैर, आयत्या वेळी सुचल्यासारखं वाजवायचं, मध्येच थांबायचं, मग एकदम शिस्तीत शिरायचं, पुन्हा उधळायचं. कुठे किती थांबायचं हे कागद सांगत नाही. ते साडेअडतीस मीटर उंचीचं छत सांगतं, कारण आवाज विरून खाली येईपर्यंत वाट बघावी लागते. कुठला संच केव्हा उघडायचा, कुठला केव्हा बंद करायचा, हेही त्या काळी फारसं लिहीत नसत. बंदिशीचं पुस्तक हातात आहे म्हणून गवई कळत नाही, हे आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. १९३३ साली अकरा वर्षांचे भीमसेन जोशी गदगचं घर सोडून गाडीत बसले ते काय बंदिशींची पुस्तकं गदगात मिळत नव्हती म्हणून?

ल्यूबेकच्या मुक्कामाला एक उपकथानक आहे, ते थोडक्यात उरकतो. बुक्स्टेहूड तेव्हा अडुसष्टच्या आसपास होता आणि वारस शोधत होता. अट अशी की जो गादीवर बसेल त्याने त्याच्या मुलीशी, आना मार्गारेटाशी लग्न करायचं. अट विचित्र वाटेल, पण बुक्स्टेहूडला स्वतःला ही नोकरी मिळाल्यावर त्यानेही आधीच्या ऑर्गनवादकाच्या मुलीशीच लग्न केलं होतं. १७०३ साली हेंडेल आणि त्याचा मित्र माटेझोन हे दोघे ही जागा बघायला आले होते, लग्नाचं कळल्यावर परत गेले. बाखसमोर हा प्रस्ताव ठेवला गेला असेल का, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. शेवटी १७०७ मध्ये शीफरडेकर नावाच्या मदतनिसाला जागा मिळाली आणि त्याने लग्नही केलं. यावर विनोद करायची प्रथा आहे. मला त्या तिशीतल्या बाईचं वाईट वाटतं. फर्निचरसकट फ्लॅट विकावा तशी तिची गोष्ट तीनशे वर्षं सांगितली जातेय.

तर, बाख परत आला. २१ फेब्रुवारी १७०६ रोजी समितीने त्याला बोलावलं. या बैठकीची मिनिट्स शिल्लक आहेत, आणि ती वाचताना मी हापिसात एकटाच हसलो होतो.

साहेब विचारतात, इतके दिवस होतास कुठे आणि परवानगी कोणाची होती? बाख म्हणतो, ल्यूबेकला होतो, माझ्या कलेतलं काही समजून घ्यायला. आणि वरिष्ठांना विचारून गेलो होतो. वरिष्ठ म्हणतात, विचारलं होतंस चार आठवड्यांचं, राहिलास त्याच्या चौपट. यावर बाख काय म्हणतो? माफी वगैरे नाही. तो म्हणतो, मी ठेवलेल्या माणसाने वाजवण्याचं काम नीट सांभाळलं असेल, तक्रारीला जागा नसावी अशी आशा आहे.

यावर समितीचा पारा चढला असावा, कारण मग एकेक जुनी फाईल निघते. तू प्रार्थनेची गाणी वाजवताना भलतेच फेरफार करतोस, परके सूर मिसळतोस, त्यामुळे गाणारे लोक गोंधळतात. आधी फार लांबण लावायचास, सांगितलं तर एकदम उलट टोकाला जाऊन फारच आखूड वाजवायला लागलास. विद्यार्थ्यांबरोबर काम करायचंय की नाही ते एकदा सांगून टाक, म्हणजे आम्ही दुसरा बघू. लेखी उत्तराला मुदत आठ दिवस. बाखने ते दिलं नाही. नोव्हेंबरात पुन्हा बोलावलं, पुन्हा तोच प्रश्न, शिवाय चर्चच्या माडीवर बाहेरच्या एका मुलीला नेऊन गायला लावलंस ते कोणाच्या परवानगीने, असा नवा आरोप. १७०७च्या उन्हाळ्यात त्याने आर्नश्टाट सोडलं आणि म्युलहाउझनची नोकरी धरली.

एक गोष्ट समितीच्या बाजूनेही म्हणायला हवी. त्यांनी त्याचा पगार चालू ठेवला आणि त्याला काढलं नाही. आठवड्याला तीन-चार वेळा चर्चमध्ये येऊन गाणाऱ्या साध्या माणसांना चाल ओळखू येईनाशी झाली असेल, तर त्यांची तक्रार काही खोटी नव्हती. ल्यूबेकहून आणलेलं सामान त्या छोट्या चर्चमध्ये मावत नव्हतं.

त्या सामानात काय काय होतं, याचा एक पुरावा मात्र भलत्याच ठिकाणी सापडतो. 'आंद्रेआस बाख पुस्तक' नावाची एक हस्तलिखित वही आहे. तिच्यात बुक्स्टेहूडच्या तीन रचना आहेत, एक पासाकालिया आणि दोन शाकोन. तबल्याच्या एकलवादनात लेहरा कसा तोच तोच फिरत राहतो आणि त्यावर तबलजी आपलं काम करतो, तशी यांची बांधणी. खाली पायांवर एकच ओळ फिरत राहते, वर दर फेरीला काहीतरी नवं. बुक्स्टेहूडच्या ऑर्गनरचनांची त्याच्या स्वतःच्या हातची प्रत कुठेच उरलेली नाही, जे आहे ते इतरांनी उतरवलं म्हणून. आणि त्याच वहीत तरुण बाखची सी मायनरमधली पासाकालियाही आहे. आठ बारची खालची ओळ, तिच्यावर वीस फेऱ्या, आणि मग त्याच ओळीतून उभी केलेली फ्यूग. ल्यूबेकला तो काय समजून घ्यायला गेला होता, याचं लेखी उत्तर समितीला हवं होतं ना? ते हे. फक्त आठ दिवसांत झालं नाही.

ही वही कोणी लिहिली? थोरल्या भावाने. त्याच योहान क्रिस्टोफने, ज्याने चंद्राच्या उजेडातली नक्कल काढून घेतली होती. ज्याने लहानपणी कपाट लावलं, त्याच्याकडेच धाकटा भाऊ पुढे नवं संगीत पाठवत होता असं दिसतं.

९ मे १७०७ रोजी बुक्स्टेहूड वारला. बाख परत आल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. म्हणजे १७०५ ऐवजी 'दोन वर्षांनी, जरा सेटल झाल्यावर' असं त्याने ठरवलं असतं, तर ल्यूबेकला त्याला शीफरडेकर ऐकायला मिळाला असता.

असं झालंही त्याच्या बाबतीत, हेंडेलसोबत. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, गावं फार दूर नाहीत, आणि बाखला त्याला भेटायची फार इच्छा. १७१९ साली हेंडेल इंग्लंडहून हाले या आपल्या गावी आला होता. बाख तेव्हा क्योटनमध्ये, अंतर फार तर तीस-पस्तीस किलोमीटर. बाख तिथे पोचला, त्याच दिवशी हेंडेल निघून गेला होता. १७२९ मध्ये हेंडेल पुन्हा आला तेव्हा बाख आजारी. त्याने थोरल्या मुलाला निमंत्रण देऊन पाठवलं, पण हेंडेलला येणं जमलं नाही. दोघं आयुष्यात भेटले नाहीत ते नाहीतच. तिशी-चाळिशीत पदरी नोकरी, घर, पोरं, आणि तीस किलोमीटर जमेनात. विसाव्या वर्षी चारशे जमले होते.

पण रायन्केनबरोबरचं वर्तुळ मात्र पुरं झालं. १७२० मध्ये बाख हांबुर्गला गेला आणि त्याच सेंट कॅथरिनच्या चर्चमध्ये दोन तासांहून जास्त वाजवलं. समोर म्हातारा रायन्केन बसलेला. लोकांच्या आग्रहावरून बाखने एका जुन्या भजनाच्या चालीवर जवळजवळ अर्धा तास, तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवलं. ही तीच चाल, जिच्यावरची रायन्केनची रचना त्याने पंधराव्या वर्षी उतरवून घेतली होती. ही कला मेली असं मला वाटत होतं, पण तुमच्यात ती जिवंत आहे, अशा अर्थाचं म्हातारा म्हणाला. आपली ती पोरवयातली नक्कल बाखने त्याला सांगितली का, हे कुठे लिहिलेलं नाही. मला वाटतं, नसेल सांगितली.

मारियनकिर्श आजही उभं आहे, पण बुक्स्टेहूडचा ऑर्गन नाही. २८-२९ मार्च १९४२च्या रात्री बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं, ऑर्गन गेला. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातल्या घंटा जळत खाली कोसळल्या आणि जमिनीत रुतल्या. चर्च पुन्हा बांधताना त्या उचलल्या नाहीत, फुटल्या तशाच तिथे ठेवल्या आहेत. मी फोटो पाहिलाय. फोटोच पाहिलाय म्हणा.

त्यामुळे काल रात्री शीटमध्ये पाचवा टॅब उघडला, नाव 'ल्यूबेक'. लंडनहून हांबुर्ग विमानाने, तिथून पुढे रेल्वेने पाऊण तास. यात एक तांत्रिक अडचण अशी की ब्रिटनच्या व्हिसावर जर्मनीत शिरता येत नाही, त्याला शेंगेन वेगळा लागतो. म्हणजे दोन अर्ज, दोन फिया, बोटांचे ठसे दोनदा, आणि पासपोर्ट एका ठिकाणी अडकला की दुसरीकडे देता येत नाही, तेव्हा क्रम नीट लावायला हवा. बाखला चार संस्थानं ओलांडताना यातलं काही लागलं नाही, फक्त बूट लागले.

नऊ दिवसांचे बारा झालेत. मॅनेजरला मी अजून नऊच सांगितलेत. रजेच्या अर्जात कारण लिहायचा रकाना आहे, तिथे 'पर्सनल' टाकलंय. बॅकअपच्या रकान्यात यूट्यूबवाल्या मित्राचं नाव लिहिलंय. त्याला ते सोमवारी सांगेन.